मेमरीची पावती कुणाच्या नावावर?

माझा भाचा सांगलीतच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो लिनक्स कर्नलसाठी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, लिहीत बसला होता. रात्री साडेदहाला लॅपटॉप उचलून माझ्या खोलीत आला.

"मामा, हे बघा की. हा बफर मी पुढच्या फंक्शनला दिला. खालच्या ओळीत त्याची लांबी छापायची म्हणतोय, तर कंपायलर मला वाचूच देईना. व्हॅल्यू मूव्ह झाली म्हणतोय. मी काय खोडलं नाही, बदललं नाही, नुसतं वाचतोय."

बफर म्हणजे डेटा ठेवायला घेतलेली मेमरीतली जागा, आणि कंपायलर म्हणजे लिहिलेला कोड तपासून मशीनला कळेल अशा रूपात आणणारा प्रोग्राम. मी त्याला विचारलं, "वखारीची पावती दुसऱ्याच्या नावावर करून दिलीस, तर उद्या त्याच पावतीवर पोती मोजायला जाशील का?"

"नाही."

"का? पोती तर आहेत तिथंच आहेत."

तो थांबला. आमच्या घरात हळदीचा व्यापार आहे, त्यामुळे पावती म्हणजे काय हे त्याला नव्यानं सांगावं लागत नाही. मार्केट यार्डात सौदा होतो, पट्टी होते, माल वखारीत पडून असतो. विकला गेला म्हणून प्रत्येक वेळी तो जागचा हलतोच असं नाही. हलते ती पावती. रस्टमधला मूव्ह म्हणजे नेमकं हेच. बफरमधले बाइट मेमरीत होते तिथंच राहतात, मालकी या नावाकडून त्या नावाकडे जाते आणि जुन्या नावाच्या हातात काही उरत नाही.

कर्नलमध्ये रस्ट का आणलं आणि आणताना काय काय बदलावं लागलं, हे सगळं या एका पावतीभोवती फिरतं.

कर्नल म्हणजे आपण वापरतो ती अ‍ॅप्स आणि खालचं हार्डवेअर यांच्या मधला प्रोग्राम. तुमच्या हातात अँड्रॉइड फोन असेल तर त्यात लिनक्स कर्नलच चालू आहे. कोणत्याही प्रोग्रामला कामापुरती जागा लागते, तशी कर्नललाही लागते. नेटवर्कवरून पाकीट आलं, ते ठेवायला जागा हवी. यूएसबीला काही जोडलं, त्याची माहिती ठेवायला जागा हवी. ही जागा मागून घ्यायची आणि काम झालं की परत करायची, याला मेमरी अ‍ॅलोकेशन म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं तेव्हापासून त्याचा बहुतेक कोड सी भाषेत आहे. सीमध्ये जागा मागायला केमॅलॉक आणि परत करायला केफ्री.

केमॅलॉक जागेचा पत्ता देतो, म्हणजे पॉइंटर. सीमधला पॉइंटर हा पावतीची झेरॉक्स आहे असं समजा. त्याच्या हव्या तेवढ्या प्रती काढता येतात. एक या फंक्शनकडे, एक त्या यादीत, एक कुठल्याशा टायमरच्या खिशात. सगळ्या प्रती हुबेहूब सारख्या. यातला खरा मालक कोण, जागा रिकामी करण्याची जबाबदारी कुणाची, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं, फार तर वर एखाद्या कमेंटमध्ये.

यातून होणारे घोळ तीन प्रकारचे. जागा परत केली, तिथं दुसऱ्याचा माल पडला आणि जुनी झेरॉक्स घेऊन कुणीतरी आला नि त्यानं त्यातली पोती उचलली किंवा स्वतःची भरली. हा सगळ्यात घातक, कारण त्या क्षणी तक्रार कुणीच करत नाही. दुसरा घोळ म्हणजे एकच जागा दोनदा परत करणं. तसं झालं की मोकळ्या जागांच्या यादीत ती दोनदा चढते आणि पुढे दोन वेगवेगळ्या पार्ट्यांना एकच जागा वाटली जाते. तिसरा म्हणजे जागा परतच न करणं. यानं लगेच काही बिघडत नाही, पण महिनोन्‌महिने चालू राहणाऱ्या मशीनची मेमरी हळूहळू संपते.

साध्या अ‍ॅपमध्ये असं झालं तर ते अ‍ॅप बंद पडतं. कर्नलमध्ये सगळे ड्रायव्हर, म्हणजे एकेक यंत्र चालवणारे कोडचे तुकडे, एकाच मेमरीत, एकमेकांत कुंपण नसलेल्या वावरात राहतात. टचस्क्रीनच्या ड्रायव्हरनं मोकळ्या झालेल्या जागेत हात घातला तर बिघाड फाइल सिस्टिममध्ये निघू शकतो. आणि हल्लेखोर नेमकं याच जागेवर टपलेले असतात. मोकळी झालेली जागा आपल्या सोयीच्या डेटानं भरायची आणि कर्नलनं ती जुन्या झेरॉक्सवर वापरण्याची वाट बघायची, हा त्यांचा ठरलेला डाव आहे. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडे दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गोंधळातून येतात. क्रोम ब्राउझर ज्या कोडवर उभा आहे त्या क्रोमियमवाल्यांनी २०२० मध्ये त्यांच्या गंभीर त्रुटींबद्दल साधारण तोच आकडा दिला. दोन वेगळ्या टीम, वेगळा कोड, आणि भाषा मुख्यतः सी आणि सी प्लस प्लस.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी मी एका छोट्या यंत्राचा ड्रायव्हर लिहिला होता, सीमध्ये. सुरुवातीला तीन जागा घ्यायच्या होत्या. पहिली मिळाली, दुसरी मिळाली आणि तिसरी नाही मिळाली, तर आधीच्या दोन परत करून बाहेर पडायचं. सीमध्ये हे करायची रूढ पद्धत अशी की फंक्शनच्या तळाशी परतीच्या पायऱ्या उलट्या क्रमानं लिहायच्या आणि चूक झाली तिथून गोटू वापरून योग्य पायरीवर उडी मारायची. मी ते नीट लिहिलं होतं. नंतर एका सहकाऱ्यानं मधला भाग वेगळ्या फंक्शनमध्ये काढला आणि चूक झाली तर दुसरी जागा तिथंच परत करायची सोय केली. त्याचं बरोबर होतं. माझ्या तळाच्या पायऱ्यांतही दुसरी जागा परत होत होती. माझंही बरोबर होतं. दोन्ही एकत्र आल्यावर ती जागा दोनदा परत होऊ लागली, आणि तीही फक्त तिसरी जागा मिळाली नाही तर. आमच्या टेबलावर मेमरी कधीच कमी पडत नव्हती. गिऱ्हाइकाकडे तीन महिन्यांनी एका रात्री पडली. मशीन अडकलं ते भलत्याच ठिकाणी, आमच्या ड्रायव्हरशी संबंध नसलेल्या कोडमध्ये. मूळ शोधायला आम्हाला दोन आठवडे लागले.

त्या फंक्शनच्या वर "चूक झाल्यास बफर इथेच परत होतो" अशी एक कमेंट असती तर वाचलो असतो. पण कमेंट कंपायलर वाचत नाही. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की काळजीपूर्वक लिहा, हा सल्ला इथं पुरत नाही. आम्ही दोघंही काळजीपूर्वकच लिहीत होतो. मालकी कुणाची हे कंपायलरला वाचता येईल अशा जागी लिहिलेलं नव्हतं, एवढंच कमी होतं.

रस्ट ही मालकी टाइपमध्ये, म्हणजे वस्तू कोणत्या प्रकारची हे कंपायलरला सांगणाऱ्या नावात, लिहायला लावतं. एका जागेला एका वेळी एकच मालक. मालकानं पावती दुसऱ्याला दिली की तो मोकळा. मालकाचं आयुष्य संपलं, म्हणजे तो ज्या कंसात जन्मला तो कंस संपला, की जागा आपोआप परत होते. त्यासाठी केफ्री हातानं लिहायचाच नाही. याला ड्रॉप म्हणतात. माझ्या त्या ड्रायव्हरमध्ये सहकाऱ्याच्या फंक्शननं बफर स्वतःकडे घेतला असता तर माझ्या हातात तो उरलाच नसता. मी तो वापरायचा किंवा पुन्हा परत करायचा प्रयत्न केला असता तर कंपायलरनं माझ्या भाच्याला अडवलं तसं मलाही अडवलं असतं.

पण दर वेळी मालकी देऊन कसं चालेल? नुसतं बघायला द्यायचं असेल तर? त्यासाठी बॉरो आहे. हेही वखारीच्याच भाषेत सांगतो. पावती बँकेत तारण ठेवली की मालक तुम्हीच राहता, पण ती सुटेपर्यंत माल उचलता येत नाही आणि विकताही येत नाही. रस्टमध्ये एखाद्यानं तुमची वस्तू बॉरो केली असेल तर त्याचं काम संपेपर्यंत तुम्ही ती दुसऱ्याच्या नावावर करू शकत नाही, मोडू शकत नाही. नुसतं बघणारे एका वेळी कितीही चालतात, पण बदल करणारा असेल तर तो एकटाच. तो हात घालत असताना दुसऱ्यानं डोकावायचंही नाही. हे सगळं प्रोग्राम चालायच्या आधी तपासलं जातं, त्यामुळे चालताना याचा वेगळा भार पडत नाही. कर्नलवाल्यांनी रस्टकडे वळून बघितलं याचं हे मोठं कारण. मेमरी आपोआप सांभाळणाऱ्या इतर बहुतेक भाषा त्यासाठी मागे एक सफाई कामगार चालू ठेवतात, आणि तो मध्येच प्रोग्रामचं काम थांबवतो. कर्नलला ते परवडत नाही.

इथपर्यंतचं रस्ट कुणालाही लागू आहे. कर्नलमध्ये मात्र ते जसंच्या तसं चाललं नाही. अडलं ते जागा मिळाली नाही तर काय, या प्रश्नापाशी.

हरिपूरच्या पेवांबद्दल सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात हळद जमिनीखाली खोल खणलेल्या पेवांत साठवायची पद्धत होती. २००५ च्या महापुरानं त्यातली बरीचशी निकामी केली. पेवाचं तोंड अरुंद, आत भरलेली हळद आणि कोंडलेली हवा. तोंड उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. पेव काही तास उघडं ठेवायचं, मग कंदील दोरीनं आत सोडायचा. कंदील विझला तर आत श्वास घेण्याजोगी हवा नाही, उतरायचं नाही. कंदील न सोडता उतरणं शक्य होतं, आणि तोच धोका होता.

सीमध्ये केमॅलॉकला जागा मिळाली नाही तर तो रिकामा पत्ता देतो, म्हणजे नल. तो तपासणं म्हणजे कंदील सोडणं. विसरलात तर कुणी अडवत नाही. रस्टमध्ये रिझल्ट नावाचा टाइप मिळतो, एक बंद डबा, ज्यात एक तर जागा असते किंवा चूक. डबा उघडून काय आहे ते बघितल्याशिवाय जागा हाती लागत नाही. कंदील वर आल्याशिवाय शिडीच मिळत नाही, असं म्हणा.

गंमत अशी की रस्टच्या नेहमीच्या लायब्ररीत जागा मागताना हा डबा नव्हताच. तिथं बॉक्स (एका वस्तूपुरती जागा) तयार करा, व्हेकमध्ये (वाढत जाणारी यादी) घटक ढकला, जागा संपली तर प्रोग्राम तिथंच बंद. साध्या प्रोग्रामला ते चालून जातं. कर्नल बंद पडणं म्हणजे अख्खं मशीन बंद पडणं. २०२१ मध्ये रस्टचे पहिले पॅच, म्हणजे कर्नलच्या कोडमध्ये सुचवलेले बदल, चर्चेला आले तेव्हा टोरवाल्ड्स यांनी यावरच बोट ठेवलं होतं, आणि माझ्या मते ते शंभर टक्के बरोबर होतं. मिगेल ओहेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ मध्ये रस्ट आलं, पण अ‍ॅलोकेशनचा हा भाग पुढे दोन वर्षं घडत राहिला. डॅनिलो क्रुमरिच यांनी तो नव्यानं लिहिला आणि जानेवारी २०२५ च्या लिनक्स ६.१३ मध्ये तो आला.

आता कर्नलमध्ये साधा बॉक्स वापरत नाहीत. केबॉक्स, व्हीबॉक्स, केव्हीबॉक्स असे तीन आहेत. केबॉक्स केमॅलॉककडून जागा घेतो, ती प्रत्यक्ष मेमरीत सलग असते. व्हीबॉक्स व्हीमॅलॉककडून घेतो. तिथं वेगवेगळ्या ठिकाणची पानं जोडून सलग भासणारी जागा मिळते, मोठ्या मागणीला सोयीची. केव्हीबॉक्स आधी पहिल्याकडे विचारतो, नाही जमलं तर दुसऱ्याकडे. सीमध्ये कुठून घेतलं ते लक्षात ठेवून त्याच दारानं परत करावं लागतं, व्हीमॅलॉकचं केफ्रीकडे नेलं की घोळ. इथं कुठून घेतलं हे टाइपच्या नावातच आहे, त्यामुळे परतीचा रस्ता चुकत नाही. मला या सगळ्या कामातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

शिवाय जागा मागताना प्रत्येक वेळी एक फ्लॅग, म्हणजे जागा कशी हवी हे सांगणारी खूण, द्यावा लागतो. जीएफपी-कर्नल म्हणजे मला थांबायला वेळ आहे, गरज पडली तर इतरांकडून जागा रिकामी करून घ्या, तोवर मी झोपतो. जीएफपी-अ‍ॅटॉमिक म्हणजे मी थांबू शकत नाही, असेल तर आत्ता द्या, नाहीतर नाही म्हणा. हार्डवेअरनं इंटरप्ट, म्हणजे तातडीची हाक, दिला, त्याचं काम चालू आहे, अशा वेळी झोपून चालत नाही. सौदा चालू असताना बोली पुकारणाऱ्यानं पोती यायची वाट बघत थांबायचं नसतं, तसंच. केव्हेकमध्ये, म्हणजे कर्नलच्या व्हेकमध्ये, एक घटक ढकलायचा असला तरी हा फ्लॅग द्यावा लागतो आणि उत्तर डब्यातच मिळतं. मात्र चुकीच्या जागी चुकीचा फ्लॅग दिला तर रस्टचा कंपायलर ते स्वतःहून पकडत नाही. ते पकडण्यासाठी क्लिंट नावाचं वेगळं साधन लिहिलं गेलं आहे. भाषेनं सगळं सोडवलं, असं कुणी सांगितलं तर हा मुद्दा त्याच्यासमोर ठेवा.

पेवावरून आणखी एक गोष्ट. पोतं उचलून इकडचं तिकडे नेता येतं, पेव नेता येत नाही. मूव्हमध्ये बफरचे बाइट जागचे हलत नाहीत हे खरं, पण जी वस्तू थेट एखाद्या नावात ठेवलेली असते ती रस्ट बिनदिक्कत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवतं, आणि कर्नलमधल्या कितीतरी वस्तू आत स्वतःचाच पत्ता बाळगून असतात. म्युटेक्समध्ये, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपात, वाट बघणाऱ्यांची यादी असते आणि ती यादी स्वतःकडेच बोट दाखवत सुरू होते. ती हलवली की बोट जुन्या जागेकडेच राहतं. अशा वस्तूंना पिन करतात, म्हणजे ही जिथं आहे तिथून हलणार नाही असं टाइपमध्येच लिहितात.

मालक एकापेक्षा जास्त हवे असतील तेव्हा आर्क वापरतात. त्यात मालकांची मोजणी असते, शेवटचा गेला की जागा परत होते. कर्नलनं इथंही स्वतःचा आर्क लिहिला आहे. त्यातली मोजणी काही कारणानं फारच वर गेली तर ती शून्याकडे गरगर फिरून येत नाही, वरच अडकून राहते. मग ती जागा कधीच परत होत नाही. गळती परवडली, पण वापरात असलेली जागा मोकळी होणं नको, असा हा विचार आहे. तसंही गळती होणारच नाही, अशी हमी रस्ट देत नाही. दोन आर्क एकमेकांना धरून बसले तर दोघंही अडकून राहतात.

आता सीमेबद्दल. कर्नलमध्ये काही कोटी ओळी सीच्या आहेत आणि त्या राहणार आहेत. रस्टमध्ये लिहिलेल्या ड्रायव्हरला आपला डेटा सीकडे सोपवावाच लागतो, कारण यंत्र जोडलं-काढलं हे सीतला गाभा सांभाळतो. तिथं फॉरेन-ओनेबल नावाचा करार आहे. रस्ट आपली पावती कच्च्या पत्त्यात बदलून सीकडे देतं आणि त्या क्षणी स्वतःची मालकी सोडतं, ड्रॉप होत नाही. मधल्या काळात सी तो पत्ता घेऊन ड्रायव्हरला हाक मारतं तेव्हा रस्ट त्या डेटाकडे फक्त बॉरो म्हणून बघतं. यंत्र काढलं की सी पत्ता परत देतं, रस्ट त्याची पुन्हा पावती करतं आणि मग जागा नेहमीसारखी परत होते. पत्त्याची पुन्हा पावती करायची ती एकदाच, दोनदा केली की माझ्या जुन्या ड्रायव्हरचं तेच दुखणं. ते एकदाच होईल हे कंपायलरला कळत नाही, म्हणून ती ओळ अनसेफ कंसात लिहावी लागते, आणि वर सेफ्टी म्हणून कमेंट द्यावी लागते की हे का चालेल.

म्हणजे शेवटी कमेंट आलीच की? आली. फरक असा की आता ती अख्ख्या ड्रायव्हरभर विखुरलेली नाही. अनसेफ शब्द शोधला की धोक्याच्या जागा समोर येतात, आणि तपासणाऱ्यानं तिथं बसून विचार करायचा. तिथंही चूक होते. डिसेंबर २०२५ मध्ये कर्नलमधल्या रस्ट कोडला पहिला सीव्हीई क्रमांक, म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटीचा नोंद क्रमांक, मिळाला. तो अँड्रॉइडच्या बाइंडरच्या, म्हणजे अ‍ॅप्समधले निरोप पोचवणाऱ्या भागाच्या, रस्ट आवृत्तीतला होता. एका यादीतून घटक काढण्याची ओळ अनसेफ होती आणि घटक याच यादीत आहे किंवा कुठल्याच यादीत नाही, असं गृहीत धरलेलं होतं. दुसरीकडच्या कोडनं ती अख्खी यादी उचलून स्वतःकडे घेतली आणि कुलूप सोडून दिलं. दोन थ्रेड, म्हणजे समांतर चालणारी कामं, एकाच वेळी त्याच कड्या ओढू लागले आणि मेमरी बिघडली. दोष शोधायला जायचं ते अनसेफच्या आसपास, हे त्यातूनही दिसतंच.

त्याच महिन्यात कर्नलच्या देखभालकर्त्यांच्या बैठकीत रस्ट आता प्रयोग राहिलेला नाही, असं ठरलं.

भाच्याला मी त्या रात्री उत्तर सांगितलं नाही. त्यानं स्वतःच लांबी छापायची ओळ उचलून बफर देण्याच्या आधी नेली, आणि कंपायलर गप्प झाला. मग त्याला म्हटलं, आता तीन जागा घे आणि तिसरी मुद्दाम फसव. कर्नलमध्ये अ‍ॅलोकेशन ठरवून फसवण्याची सोय आहे, फेलस्लॅब म्हणतात. त्यानं प्रत्येक केबॉक्समधल्या टाइपच्या ड्रॉपमध्ये एक ओळ छापायला लावली. तिन्ही मागण्यांच्या शेवटी फक्त प्रश्नचिन्ह. चूक आली तर तिथूनच बाहेर पडायचं, एवढाच त्याचा अर्थ. तळाला एकही परतीची पायरी नाही, एकही गोटू नाही.

मॉड्यूल चढवलं. ते चढलं नाही, जागा नाही म्हणून परत आलं, जसं यायला हवं तसं. लॉगमध्ये दोन ओळी आल्या. आधी "दुसरा परत", त्याखाली "पहिला परत". त्यानं पुन्हा चालवलं. पुन्हा त्याच दोन ओळी, त्याच क्रमानं.